एकोणतीसच्या जागी सत्तर

लालबाग,
शुक्रवार दुपार

प्रिय दगडू,

अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे. मंगळवारपासून मी ताळ्यावर नाही. जेवताना घास हातातच राहतो आणि अंबिका हाक मारते तेव्हा निम्मा भात ताटाबाहेर असतो. शिवडी इथून बसने पंधरा मिनिटं, तरी पत्र लिहितोय, कारण तुझ्या दारात उभा राहिलो तर तू आधी बस म्हणशील, कौसल्यावहिनी चहा टाकतील, आणि मला जे सांगायचंय ते पुन्हा घशातच राहील. सेहेचाळीस वर्षं आपण लग्नकार्यात एकमेकांकडे बघून लांबूनच मान हलवतोय. म्हणून आधी थोडं घरचं सांगतो.

माझ्या लेकीची लेक अपेक्षा यंदा डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे, परळच्या कॉलेजात. जवळ पडतं म्हणून आमच्याकडेच राहते. माणसाचं शरीर चालतं कसं, हा तिचा विषय, आणि शरीर म्हणून घरात आयता मी सापडतो. रोज संध्याकाळी माझा दंड आवळून रक्तदाब मोजते, छातीला नळी लावते आणि दटावते, की आजोबा, आता कविता नको, ठोके ऐकू येत नाहीत. गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली की पाय आपोआप उडतो. तो हुकूम पाठीच्या कण्यातूनच सुटतो म्हणे, मेंदूला बातमी मागाहून कळते. एकदा तो पाय तिच्या चहाच्या कपाला लागला, त्याची बातमी मात्र अंबिकेला ताबडतोब कळली. डोळ्याबद्दलही तिने एक नवल सांगितलं. नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे प्रत्येकाला एक बारीकसं भोक असतं, त्या जागी काहीच दिसत नाही. पण मेंदू आजूबाजूचं घेऊन ते असं रफू करतो की माणसाला जन्मभर पत्ता लागत नाही. मला हे फार आवडलं. मी म्हटलं, म्हणजे मेंदूसुद्धा कवीच की. हे मी सोमवारी म्हटलं होतं.

मंगळवारी तिने सीनियरकडून एक पुस्तक मागून आणलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ, आणि त्या ठिपक्यांत लपलेला एक आकडा. पहिल्या पानावर बारा. ते सगळ्यांनाच दिसतं. दुसऱ्या पानावर मी तीन म्हणालो, तशी ती हसली, की आजोबा, चष्मा पुसा. मी पुसला. तरी तीनच. दोन पानांनंतर मी म्हणालो, सत्तर. तिची पेन्सिल थांबली. अंबिका स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, तिला अपेक्षाने काही न सांगता ते पान दाखवलं. ती उभ्याउभ्या म्हणाली, एकोणतीस. दगडू, मला काहीच दिसलं नसतं तर मी हे सोसलं असतं. म्हातारा डोळा, धूसर झालं, असं म्हटलं असतं. पण मला सत्तर दिसत होतं. लखलखीत दिसत होतं. शपथेवर सांगितलं असतं.

अपेक्षाने मग समजावून सांगितलं. डोळ्यामागच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या तीन जातींच्या पेशी असतात, त्यातली माझी एक जात जन्मापासूनच बिघडलेली. आईच्या रक्तातून आलेलं असतं, मुलग्यांना लागतं. उजेड असेल, वस्तू हातात असेल तर मी निभावून नेतो. पण उजेड कमी असला किंवा वस्तू लांब असली, की तांबडं आणि हिरवं मला एकच. अंबिका म्हणाली, "तरीच!" आणि तिने पन्नास वर्षांची यादी काढली. कच्चे टोमॅटो, माझ्या मेहुणीच्या लग्नात घातलेला तो सदरा, हिरव्या मिरच्या आण म्हटल्यावर आणलेल्या पिकलेल्या. सगळ्यांना वाटायचं, गणपतचं लक्षच नसतं, तो कवितेत असतो. मलाही तेच वाटायचं. माझं वेंधळेपण सगळ्यांना इतकं आवडायचं की त्याखाली काय झाकलंय ते कोणी पाहिलं नाही. आणि खरंच, रंग मी कवितेतूनच शिकलो रे. पान म्हटलं की हिरवं, जास्वंद म्हटली की तांबडी. तिसरीच्या वर्गात तुझ्या शेजारी बसून मोठ्याने म्हणताना ते इतकं पक्कं झालं, की बघायची वेळच आली नाही. शब्द आधी यायचा, डोळा मागून यायचा.

आता तुला कळलं असेल मी कुठे चाललोय.

आपल्या गिरणीतल्या रंगखात्याची ती कोठी मला अजून जशीच्या तशी आठवते. एकच पिवळा बल्ब, त्यावर रंगाच्या भुकटीचा थर. पिंपांवरची नावं इंग्रजीत, आणि तू चौथीत शाळा सोडलेली, म्हणून झाकणं रंगवून ठेवली होती. एकावर गडद तांबडं, शेजारच्यावर गडद हिरवं. मी दहा फुटांवर टेबलाशी बसून रंगाच्या मापाच्या चिठ्ठ्या उतरवत होतो. त्या दिवशी तांबड्या कापडाचा सगळा लॉट चिखलासारखा उतरला. साहेब म्हणाले, हे चुकून नाही, मुद्दाम केलंय. तू पहिल्या दिवशी काय सांगितलंस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे: झाकण तांबडंच उघडलं, हात त्या जागेवर रोज जातो, चुकणार कसा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मी रात्रभर स्वतःला बजावलं होतं, की मैत्री मैत्रीच्या जागी, खरं खऱ्याच्या जागी. आणि तुझ्यासमोर उभं राहून म्हणालो, हिरवं.

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता शिवी देशील. तू साहेबांना म्हणालास, "गणपत बोलतो तर हिरवंच आसंल. तो खोटं बोलायचा नाय."

तिथे तुझं काम गेलं. तू शिवडीच्या गोदामात पोती उचलायला लागलास. ब्याऐंशीच्या संपाच्या वेळी जे गिरणीत कामावर होते त्यांनाच पुढे सोडतीत घर मिळालं. मी होतो, तू नव्हतास. ज्या चौदाव्या मजल्यावर बसून हे लिहितोय ते घर असं मिळालंय. आणि इतकी वर्षं मी स्वतःला काय सांगत आलो, माहितीये? की खरं बोलण्यापायी मी जिवाभावाचा मित्र गमावला. त्याची मला हळहळ होती, पण दगडू, आज लपवत नाही, त्याचा अभिमानही होता. नातवंडांना मी ही गोष्ट सांगितलीय, तुझं नाव न घेता, मोठा शहाणा असल्यासारखी.

काल मी अपेक्षाला सगळं सांगितलं. तिने लगेच घरातल्या डब्यांची दोन झाकणं शोधली, एक मरून रंगाचं, एक बाटलीसारखं हिरवं. पॅसेजच्या टोकाला, पिवळ्या बल्बखाली, मोजून दहा फुटांवर एकेक झाकण धरत गेली. दहा वेळा. पाच वेळा माझं बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. सगळ्यात वाईट हे, की दहाही वेळा मला जराही शंका आली नाही. ती झाकणं खाली ठेवून माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिने माझा हात धरला. नाडी बघायला नव्हे.

तुझी माफी मागायला हे पत्र लिहिलं असं समजू नकोस. तेवढं हलकं होण्याचा हक्क मला नाही. काही महिन्यांपूर्वी कौसल्यावहिनी मसाला गल्लीत अंबिकेला भेटल्या होत्या. मिरच्या तोलून घ्या म्हटलं तर हे म्हणतात, माझ्या हातावर सोडू नकोस, असं त्यांनी सांगितलं. नातवाचं औषधसुद्धा तू स्वतः ओतत नाहीस, तुझा हात चुकतो म्हणतोस. ते ऐकून मी चुकचुकलो होतो, बिचारा म्हणालो होतो. मंगळवारी ते वाक्य माझ्या डोक्यावर येऊन पडलं. तू माझ्यावर चिडला असतास, मला खोटारडा म्हणाला असतास, तर तुझं तुझ्याजवळ राहिलं असतं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि स्वतःवरचा सोडलास. तर ऐक. तू कुठलं झाकण उघडलंस ते मला माहीत नाही. मला ते कधीच माहीत नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं, कारण मला ते पाहताच येत नाही. त्या कोठीत नीट रंग दिसणारा माणूस एकच होता आणि त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हे पत्र घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव, आणि नातवाचं औषध आजपासून तू ओत.

तुझाच,
गणपत