ओमुरझाकच्या मनगटावरचे घड्याळ

मी, बुरुल असानकुलोवा, वय एकाहत्तर, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार झार-केचू, नारिन प्रांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नसल्याचा दाखला कुठे मिळत नाही असे ग्रामकार्यालयाच्या सचिवांनी सांगितले, म्हणून तो जोडलेला नाही. पुढच्या सोमवारी बिश्केकला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. परत आले तर हा कागद कपाटात राहील.

माझे पती माझ्याच शाळेत इतिहास आणि समाजशास्त्र शिकवत. आमच्याकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. कायद्याला नाव लागते म्हणून एकदाच लिहिते : इशेनाली तुर्दुबाएव. गेल्या फेब्रुवारीत ते वारले. पुढे त्यांना 'मास्तर' म्हटले आहे. सगळे गाव तेच म्हणत असे, आणि घरात मीही.

कलम १. राहते घर, गोठा आणि बटाट्याचे शेत मुलगा मैरामबेक याला. तो चौदा वर्षे मॉस्कोत आहे आणि दर उन्हाळ्यात 'पुढच्या उन्हाळ्यात येतो' म्हणतो. गाय मात्र त्याची वाट पाहू शकत नाही. ती शेजारच्या गुलसुनला द्यावी. गुलसुन ही निवृत्त भूगोल शिक्षिका आणि माझी मैत्रीण. गाय तिला ओळखते आणि तिचे ऐकते. एवढे शाळेतही तिचे कुणी ऐकले नव्हते.

कलम २. माझ्या मयताला घोडा कापू नये. एक मेंढी पुरे. सात दिवस, चाळीस दिवस आणि वर्ष, प्रत्येक वेळी नवे जेवण घालू नये. लोक ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे. मी सांगितले होते एवढी नोंद राहावी.

कलम ३. आमच्या भिंतीवर चार प्रश्नांचा रंगीत तक्ता आहे. तो तालुक्याच्या तपासनीस झुमागुल बाईंना परत करावा. कारण असे.

मास्तरांनी दोन हजार बारा साली समाजशास्त्राच्या शिक्षकांसाठी 'कुणी सांगितलं?' नावाची वेबसाइट काढली. धडे ते लिहीत आणि मी ते साइटवर चढवत असे, कारण त्यांना एकाच बोटाने टाइप करता येई. प्रत्येक धड्याखाली मुलांसाठी चार प्रश्न असत : हे कुणी सांगितलं? त्याला कसं कळलं? यात त्याचा फायदा काय? दुसरं कोण काय म्हणतं? झुमागुल बाईंना हे फार आवडले. त्यांनी प्रश्नांचा तक्ता छापून सर्व शाळांना वाटला आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत तपासणीला आल्या. वर्गाने चारही प्रश्न एका सुरात म्हणून दाखवले. बाईंचे डोळे भरून आले.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "बाई, चारच का? पाचवा का नाही?"

"तक्त्यावर चार आहेत ना? खाली बस."

शाळेला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला. त्या मुलीचे नाव आदेमी. ती पुढे येते.

कलम ४. यात मला काही द्यायचे नाही. कबूल करायचे आहे. कलम ५ समजण्यासाठी ते आवश्यक आहे.

साइटवर 'ओमुरझाकचे पत्र' नावाचा एक धडा आहे. त्यानुसार सन १८६८ च्या जानेवारीत ओमुरझाक नावाचा एक दूत पत्र घेऊन केर-आशू घाट दोन दिवसांत ओलांडून आला आणि कुरणावरून दोन टोळ्यांत होणारी मारामारी त्याने थांबवली. धड्यात त्याचा फोटो आहे आणि एका ग्रंथाचे पान ४१२ संदर्भ म्हणून दिले आहे.

ओमुरझाक असा कोणी झालेला नाही. तो मास्तरांनी आमच्या स्वयंपाकघरात रचला. हेतू हा, की मुलांनी चुका शोधाव्यात. घाट मेपर्यंत बर्फाने बंद असतो. त्या ग्रंथाला तीनशेच पाने आहेत. आणि फोटो माझ्या वडिलांचा आहे, सन १९६१ च्या एका लग्नातला. त्यांच्या मनगटावर घड्याळ दिसते. धड्याच्या अगदी तळाशी ओळ आहे : 'यात तीन खोट्या गोष्टी आहेत. तिन्ही शोधून जो प्रथम लिहील, त्याचे नाव या पानावर सर्वांत वर लागेल.'

तालुक्याने धडे पुस्तिकेत छापले तेव्हा पानावर जागा पुरली नाही. शेवटची ओळ गळली. इंटरनेट मंद म्हणून शिक्षक पुस्तिकाच वापरत. गुलसुनने तो घाट तीस वर्षे नकाशावर शिकवला, आणि ओमुरझाकला त्यावरून जानेवारीत नेताना तिलाही थंडी वाजली नाही. हे मी रागाने लिहीत नाही.

आमच्या गावचे वडीलधारे सेयितकाझी मामिरोव यांची एक अडचण होती. आमच्याकडे माणसाला सात पूर्वजांची नावे म्हणता यावी लागतात. ज्याला येत नाहीत तो गुलाम, अशी म्हण आहे. सेयितकाझीचे पणजोबा पोरके वाढले, त्यामुळे त्याला चौथे नाव माहीत नव्हते. लग्नकार्यात नावे म्हणताना तो तिथे खोकत असे. सगळ्या गावाला तो खोकला माहीत होता आणि कोणी हसत नसे. त्याने पुस्तिकेत ओमुरझाकचा धडा वाचला. घाट आपल्या कुरणाचा, काळ बरोबर जुळणारा. त्याने खोकणे बंद केले.

दोन हजार सतरा साली त्याने ओमुरझाकच्या नावाने स्मरणभोजन ठरवले. मास्तर आदल्या दिवशी त्याला खरे सांगायला गेले आणि तासाभरात परत आले.

"सांगितलंत?" मी विचारले.

"सांगायलाच गेलो होतो. दारातच मिठी मारली त्याने. म्हणाला, मास्तर, तुम्ही मला माझा चौथा बाप दिलात."

"मग?"

"मग काय. चहा प्यालो."

"आणि उद्या घोडा कापणार तो!"

"कुणीतरी मूल शोधून काढेल, बुरुल. आपण उत्तर सांगितलं तर धडा फुकट जातो."

घोडा कापला. मानाचा तुकडा मास्तरांच्या ताटात आला आणि त्यांनी तो खाल्ला. माझ्या वडिलांचा फोटो मोठा करून तंबूत लावला होता, त्यापुढे बायका रडत होत्या. मीही रडले. माझे वडील गेले तेव्हा मी परीक्षेच्या ड्युटीवर होते, मला रडायला मिळाले नव्हते. सेयितकाझीची बायको माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू परक्याची असून इतकं मनाला लावून घेतलंस!"

पुढे शाळेच्या फाटकावर ओमुरझाकचे चित्र लागले. चित्रकाराला घड्याळ खटकले असावे, कारण त्याने त्या जागी चांदीचे कडे रंगवले. म्हणजे चूक एका माणसाच्या लक्षात आली होती, आणि त्याने ती दुरुस्त केली.

मास्तरांनी अकरा वर्षे रोज संध्याकाळी साइटची टपालपेटी उघडली. शिक्षकांची पत्रे येत : 'धडा छान आहे, उत्तरेही पाठवा.' चुका शोधल्याचे एकही पत्र आले नाही.

त्यांच्या चाळिसाव्या दिवशी, पाहुणे जेवत असताना, मी सवयीने पेटी उघडली. एक पत्र होते. 'मास्तर, फोटोतल्या माणसाच्या हातात घड्याळ आहे. घाटाबद्दल मी मेंढपाळांना विचारलं, ते हसले. तो ग्रंथ नारिनच्या वाचनालयात आहे, त्यात पान ४१२ नाहीच. मग ओमुरझाक कोण? माझे आजोबा रोज त्याचं नाव घेतात. आदेमी, नववी.' आदेमी ही सेयितकाझीची नात. मास्तर गेल्याचे तिला माहीत होते. तरी तिने पत्र त्यांनाच लिहिले होते.

मी उत्तर दिले नाही. शाळेत 'आपला अभिमान ओमुरझाक' या विषयावर निबंध होता. तिने 'ओमुरझाक नव्हता' असा लिहिला. तिला दोन गुण मिळाले. आमच्याकडे पाचापैकी दोन म्हणजे नापास. शेरा असा : 'चिकित्सक विचार दिसत नाही.' घरी आजोबांनी तिच्याशी बोलणे टाकले. मे महिन्यात ती माझ्या दारात आली. थोरल्या बाईला आमच्याकडे आदराने 'एझे' म्हणतात.

"एझे, तुम्हाला माहीत असणार. मी खोटं बोलतेय का?"

"तुझं तू शोध," मी म्हणाले.

"शोधलंय मी. आता कुणीतरी हो म्हणायला हवं."

मी तिला जॅम दिला. आत गेले आणि दार लावले. कारण सरपण मला सेयितकाझी देतो, आणि गावाने मला माझ्या दुःखात सांभाळले आहे. कारण काहीही असो, मास्तरांनी कबूल केलेले नाव सात महिने झाले तरी मी त्या पानावर चढवलेले नाही.

कलम ५. 'कुणी सांगितलं?' ही साइट, तिचा पासवर्ड आणि मास्तरांचा संगणक मी आदेमीला देत आहे. तसेच माझ्या वडिलांचा मूळ फोटो आणि त्यांचे घड्याळ. ते बंद आहे, पण तेच आहे, ताडून पाहता येईल. माझ्या पश्चात ओमुरझाकच्या पानावर तिचे नाव सर्वांत वर लावावे, त्याखाली तिन्ही उत्तरे, आणि या मृत्युपत्राचे कलम ४ जसेच्या तसे. ती खोटे बोलत नव्हती. हा माझा होकार आहे. तो उशिरा दिला आहे आणि माझ्या पश्चात कळणार आहे. यासाठी तिने मला माफ करावे असे मी म्हणत नाही.

कलम ६. साक्षीदार म्हणून मी गुलसुन आणि स्वतः सेयितकाझी मामिरोव यांना बोलावले आहे. लाभार्थीचा नातलग साक्षीदार चालतो का, असे मी विचारले. सचिव म्हणाले की वेबसाइट, जुना संगणक आणि बंद घड्याळ यांना ते मालमत्ता धरत नाहीत.

सेयितकाझीला मी फसवणार नाही. सहीपूर्वी हा कागद त्याच्या हातात देईन आणि वाच असे तीनदा सांगेन. तिसऱ्यांदा चष्माही पुढे करीन. चौथे नाव त्याचे आहे, म्हणून अधिकार त्याला. वाचून त्याने कलम ४ व ५ स्वतःच्या पेनने खोडले, तर मला मान्य आहे. मग दोन्ही कलमे रद्द समजावीत. न खोडल्यास दोन्ही कायम. मी अजून जिवंत आहे. वाचून तो माझ्याशी भांडला तर ते मला सगळ्यात बरे वाटेल, कारण मग तो घरी जाऊन नातीशीही बोलेल.

स्थळ : ग्रामकार्यालय, झार-केचू. दिनांक : १४ ऑक्टोबर २०२४.

(सही) बुरुल असानकुलोवा

साक्षीदार १ : गुलसुन एशिमोवा. दोनदा वाचले. घाट मेपर्यंत नव्हे, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बंद असतो. हे तेव्हाच सांगायला हवे होते. गाय स्वीकारते.

साक्षीदार २ : सेयितकाझी मामिरोव. वाचायची गरज नाही. मास्तरांच्या घरात आजवर कुणी खोटं लिहिलेलं नाही.

सचिवांची नोंद : साक्षीदार क्र. २ यांना कागद तीनदा वाचण्यास सांगितले व चष्मा दिला. चष्मा त्यांनी सही करण्यापुरता लावला. मजकुरात कुठेही खाडाखोड नाही.