उकव्याच्या साहेबाची मोटार नागपूरला

विमलवहिनी,

मोटार चोरीला गेलेली नाही, मी नेली आहे. नागपूरला उद्या जुन्या मोटारींचा मोठा मेळा आहे. तिथे मैदानात चुन्याने वेडीवाकडी वाट आखतात आणि एकेक गाडी घड्याळ लावून पळवतात. उकव्याच्या खाणीतला साहेब विलायतेला जाताना बाबांना ही मोटार देऊन गेला, त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून तिने एकाही बैलगाडीला मागे टाकलेलं नाही. तिच्यात दम किती, एवढंच मला बघायचं आहे.

मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवते आहे. ती उठेना, म्हणून तीही येते आहे.

पहाटे मी दबकत गेलो, तर स्टीअरिंगवर बाबाच! मी म्हटलं, "बाबा, डॉक्टरनं तुमाले चढाव चढू नका म्हनलं ना?"

"हौ. चढाव मोटार चढन, मी तं बसूनच राहीन."

शर्यतीच्या फॉर्मवर चालक म्हणून माझं नाव होतं. ते खोडून त्यांनी स्वतःचं लिहिलं आहे. मी आता शेजारी बसणार.

मायला सांगा, बाबा परसवाड्याला आत्याकडे गेले. तिला खरं कळलं तर ती माणूस धाडून आम्हाला वाटेतूनच परत आणेल, असं मी लिहिणार होतो. पण आत्ताच कोंबडीशेजारी एक गाठोडं सापडलं. त्यात दोघांपुरत्या पुऱ्या आहेत, लोणचं आहे आणि बाबांच्या छातीच्या गोळ्या आहेत. बाबांना तर चूलही पेटवता येत नाही.

तेव्हा मायपासून काय लपवायचं, ते तिलाच विचारा.

प्रेमलाल