वस्तीची व्याख्या, पान ४१

२१ जून २००२
निकाल लागला. सूनबाई सुजाता (यापुढे सु.) बी.ए.च्या अन्य सर्व विषयांत उत्तीर्ण, मानवी भूगोलात अनुत्तीर्ण. शंभरपैकी एकतीस. ज्या विषयाचे मी छत्तीस वर्षे अध्यापन केले, त्याच विषयात. तिने माझ्या टिपणवहीतील व्याख्या शब्दशः लिहिल्या होत्या. विचारून खात्री केली. मग उणे कोठे पडले?
शाळेने तिला हंगामी शिक्षिका म्हणून आणखी एकच वर्ष ठेवण्याचे मान्य केले आहे. पुढील जूनपर्यंत पदवी नसेल, तर जागा दुसऱ्याला.

२ जुलै
पुन्हा आरंभ. निश्चयवाद व संभववाद. निसर्ग माणसाचे जीवन ठरवतो, हा पहिला. निसर्ग केवळ शक्यता पुढे ठेवतो, निवड माणूस करतो, हा दुसरा. उदाहरण वहीतील: वाळवंटातील उंटपालक. सु. म्हणाली, उंट मी पाहिलेला नाही. समुद्र सर्वांना सारखाच जवळ, तरी दर्यावर्दींच्या वाडीतली केशर मासे विकते आणि आपण भात लावतो, हे लिहिले तर?
म्हटले, वहीत आहे ते लिही.

१८ ऑगस्ट
स्थलांतराची कारणे: माणसाला ओढणारी व ढकलणारी. केशर मासे देऊन ओसरीवर टेकली होती, ऐकत होती. मध्येच म्हणते, "मास्तरांनू, तुमच्या झिलाक पगारान गोंयात ओढल्यान, की बापाशीन हयसून ढकलल्यान?" सु. पुस्तकाआड हसली.
मुलगा प्रकाश गोव्यात जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात आहे, उत्तम स्थिरावला आहे. प्रश्न वर्गीकरणाच्या दृष्टीने अचूक होता, हे मान्य करावे लागते. बांगडे ताजे.

५ डिसेंबर
ग्रामदेवतेचा कौल झाला. यंदा गावपळण. तीन दिवस, तीन रात्री गाव पूर्ण रिकामे. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सर्व वेशीबाहेर. सु.चे तीन दिवस वाया जाऊ नयेत म्हणून टिपणवही बरोबर घेणार.

९ डिसेंबर, वेशीपलीकडे
काल सकाळी नगारा वाजला, निघालो. नदीपलीकडील माळावर झावळ्यांची खोप. खाली नदीकाठी, हाकेच्या अंतरावर, केशरची. तिथूनच ती ओरडली, "देव सांगता सगळा टाकून भायर पडा, आणि मास्तर वही घेवन इले." माळभर हशा.
सु. दुपारभर कागद घेऊन हिंडत होती. मला वाटले, टाळाटाळ. परतली ती नकाशा घेऊन. सर्व खोपींचा. दर्यावर्दींच्या खोपी नदीकाठाने एका ओळीत, जशी त्यांची घरे किनाऱ्याने. वरच्या वाडीच्या सुट्यासुट्या, उतारावर. आमची वाडी एका आंब्याभोवती दाटलेली. कोणी कोणाला जागा नेमून दिली नव्हती. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघा भावांनी मध्ये खोपीएवढी मोकळी जागासुद्धा सोडली आहे. घरी तेथे दगडी गडगा आहे.
रेषाकृती, विखुरलेली, केंद्रित. तिन्ही आकृतिबंध माझ्या डोळ्यांपुढे. लहानपणापासून गावपळण पाहत आलो. हे पाहिले नव्हते.
मग तिने विचारले, "मामांनू, आज आपलो गाव खंय आसा? घरां आसत थंय, की माणसां आसत हय?"
वही, पान ४१: 'वस्ती म्हणजे घरांचा समूह.' वही मिटली.

११ डिसेंबर
कौल मिळाला, परतलो. घरे जागच्या जागी. तीन दिवस त्यांना वस्ती म्हणता आले असते का...
पुस्तकातील व्याख्या चुकीची नसते. अपुरी असू शकते.

१६ एप्रिल २००३
पेपर झाला. प्रश्न: वस्तीची व्याख्या देऊन तिचे आकृतिबंध सोदाहरण स्पष्ट करा. वीस गुण. सु. पाणी प्यायली, मग म्हणाली, पान ४१ लिहिले नाही. गावपळण लिहिली, नकाशासह.
विचारले, परीक्षकाला गावपळण ठाऊक नसेल तर?
"तर आता कळतली."
संतापलो. नको ते बोललो: पुन्हा नापास झालीस तर माझ्या नावावर टाकू नकोस. ती शांतपणे म्हणाली, गेल्या वेळी तरी खंय टाकलंय?

१७ एप्रिल
खरे आहे. टिपणे माझी होती, हे गेल्या वर्षी तिने कोणापाशीही उच्चारले नाही. शाळेतही नाही. आणि माझ्या ते ध्यानातही आले नाही.
सकाळी तिला तेच उत्तर पुन्हा लिहून दाखवण्यास सांगितले. चार पाने. तांबडी शाई घेऊन बसलो. दोन स्वल्पविराम राहिले होते, इतकेच. वीसपैकी अठरा दिले. सोळांच्या वर मी कोणालाही कधी दिलेले नाहीत.
पान ४१ वरील व्याख्या खोडली. खाली तिची लिहिली: 'माणसे परस्परांपासून जी अंतरे राखून राहतात, त्या अंतरांची मांडणी म्हणजे वस्ती.' पुढे तिचे पूर्ण नाव.

२० जून
सु. निकाल पाहण्यासाठी सकाळच्या गाडीने मालवणला गेली. केशर दोनदा विचारून गेली. तिसऱ्यांदा आली ती टोपली घेऊन ओसरीवरच बसली.
नकाशा भिंतीवर, गांधीटोपीच्या खुंटीशेजारी लावला. निकाल काहीही लागो, तो काढणार नाही.
एस.टी. सव्वाचारला. थांब्यावर कोणाला आणायला मी गेलेलो नाही, प्रकाशलाही नाही. छत्री घेतली आहे. केशर म्हणते, मास्तरांनू, कोण ओढता तुमका?
गाडीचा आवाज चढणीवर येतो आहे. रोजनिशी उघडीच ठेवून निघतो.