कागदावरच्या जुळ्या

मानवत,
शनिवार, संक्रांतीनंतरचा

प्रिय सृष्टी,

तुझी सुटकेस पोहोचली. गुरुवारी दुपारी तुझ्या ओळखीच्या कंडक्टरने ती स्टँडवर उतरवून दिली आणि तुझे दाजी ती मोटारसायकलवर पुढ्यात धरून घेऊन आले. सोबतची चिठ्ठी वाचली. सोमवारी तू जर्मनीच्या त्या दवाखान्याला नोकरीवर येत नाही म्हणून कळवणार आहेस, आईला टाकून जाणं तुला जमत नाही, आणि ही बॅग आता तुझ्या काही कामाची नाही, तर आम्ही तिरुपतीला जाऊ तेव्हा न्यावी, असं लिहिलं आहेस. बॅग छान आहे, चार चाकांची. दुकानातून घरात आणताना माझ्या पुढे पुढे पळत होती. खरं तर यावर मी तुला फोन करायला हवा होता, पण फोनवर मला खोटं फार सहज बोलता येतं. कागदावर हात अडखळतो. म्हणून लिहायला बसले आहे, आणि तू चिडशील हे धरूनच लिहिते आहे.

सरळच सांगते. तुझं जर्मनीचं ठरलं तेव्हापासून मी जळते आहे. म्हणजे थोडंसं वाईट वाटतं वगैरे नाही, चांगलं पोटात दुखतं. ताडकळसच्या बाजारात आपल्या भावकीने तुझ्या अभिनंदनाचं बॅनर लावलं होतं ना, ते तुला सगळ्यांनी मोबाइलवर पाठवलं असेल. नीट बघितलंस का? तो फोटो माझ्या हळदीतला आहे. आपण दोघी शेजारी उभ्या होतो, माझा हात तुझ्या खांद्यावर होता. बॅनरवाल्याने मला कापून टाकलं, पण हात कापायचा राहिला. त्यामुळे कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरलेला एक हात तुझ्या खांद्यावर कुठूनसा आलेला आहे आणि तू आपली हसते आहेस. मी मेथीची पिशवी घेऊन त्याखाली उभी होते. शेजारची बाई मला म्हणाली, "ह्यो हात कुनाचा वं, बाई?" मी म्हणाले, मला काय माहीत. आणि घरी येईपर्यंत बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले.

हे आजचं नाही, तुलाही ठाऊक आहे. आपलं घर वस्तीवर, शाळा ताडकळसला, मध्ये तीन किलोमीटर रान आणि तो ओढा. मी सहा वर्षांची झाले तेव्हा शाळेत घाला म्हणून मी दोन दिवस भाकरीला हात लावला नव्हता. बाबा म्हणाले, "येकटी पोर रानातून कशी धाडू? धाकटी बी सहाची हुईल की. दोगी मिळून जातील, येकमेकीला सोबत." मी दीड वर्ष थांबले. माझ्या बरोबरीची पोरं दुसरीत गेली आणि मी तुला आंघोळ घालत, तुझ्या वेण्या घालत, तू कधी मोठी होतेस याची वाट बघत बसले. शेवटी एकाच दिवशी आपली दोघींची नावं घातली. जन्मतारीख बाबांना सांगता येईना, म्हणून गुरुजींनी दोघींच्याही नावापुढे एक जून टाकला, वर्षही एकच. झालं, कागदावर आपण जुळ्या झालो. ती तारीख आज तुझ्या पासपोर्टवर आहे. तिकडची माणसं एक जूनला तुझ्यासाठी केक आणतील आणि तो दिवस तुझाही नाही, माझाही नाही, हे तुला त्यांना सांगता येणार नाही. व्हिसा लागल्याचा तुझा फोन आला त्या दिवशी मी हाच विचार करत होते, की एकाच तारखेच्या दोन बहिणी, एकीला जर्मनी आणि एकीला मानवत.

शाळेत जाताना मी तुला ओढ्याच्या पाण्यातून पाठीवर नेलं, दोघींची दप्तरं गळ्यात अडकवून. बारावीनंतर नर्सिंगचे अर्जही आपण दोघींनी एकाच पेनाने भरले. यादी लागली तेव्हा माझं नाव अकरावं होतं आणि तुझं चौतिसावं. त्याच आठवड्यात मानवतचं स्थळ आलं. मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं कसं व्हायचं, असं सगळे म्हणाले. तुला तर तेव्हा लग्न करायचंच नव्हतं, तरी तुझी वाट मोकळी करायला मला हळद लागली. शाळेत धाकटीसाठी थांब आणि लग्नात धाकटीसाठी घाई कर. हे त्या वेळी सुचलं असतं तर मांडवातच बोलून दाखवलं असतं. आत्ता लिहिताना सुचलं आणि एकटीच हसले. तुझे दाजी माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत, ते मी नाकारत नाही. पण तू पांढरा कोट घालून पहिल्यांदा मानवतला आलीस, तेव्हा मी तुला चहा दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन तू काढून ठेवलेला कोट घालून बघितला. मला बाह्या आखूड झाल्या.

आता तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. जर्मनची परीक्षा देत होतीस तेव्हा तू मला फोन करून पाठांतर म्हणून दाखवायचीस. मी आपली दुकानात बसून हूं हूं करायची. तुला वाटायचं, आक्काला काय कळतंय, ऐकायला एक कान मिळाला म्हणजे झालं. पण जखम, सुई, उशी, ताप, हे शब्द तुला दोन दोन दिवस लागायचे आणि मला एकदा ऐकून पाठ व्हायचे. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी आमच्या दुकानात दुरुस्तीला येतात तेव्हा तांब्याच्या तारेचे वेढे मोजावे लागतात. दाजी गुंडाळतात, मी मोजते. गेल्या वर्षापासून मी ते जर्मनमध्ये मोजते आहे. आइन्स, त्स्वाय, ड्राय, फीअर. दाजी एकदा म्हणाले, "काय मंतर म्हनायलीस? लोकाची मोटार हाय, पुन्ना जळंल ना." मी म्हणाले, जळू दे. मानवतच्या आसपासच्या कितीतरी विहिरींवर आज माझ्या जर्मनने मोजलेल्या मोटारी पाणी ओढतात आणि हे कुणालाच माहीत नाही. त्याचाही मला राग येतो.

आणि मग आई. बाबांच्या मागे, आणि दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेल्यापासून तर पूर्णपणे, तिचं सगळं तूच करतेस. दवाखान्यातली ड्युटी करून घरी येऊन पुन्हा तिची ड्युटी. मी महिन्यातून एकदा तुमच्याकडे परभणीला येते, लाडू आणते, रडते आणि पाचची गाडी धरते. येळवशीच्या अमावास्येला तुम्हा दोघींना मी आमच्या शेतावर बोलावलं होतं. भज्जी-आंबील खाऊन आई कडब्याच्या कोपीपुढे उन्हात झोपली होती. तेव्हा तू माझ्याजवळ सरकून म्हणालीस, "आक्का, आईला तू ठेवून घेशील का? दोनच वर्षं. तिकडं बस्तान बसलं की मी बघते काहीतरी." तू माझ्याकडे बघत नव्हतीस, हुरड्याचं कणीस सोलत होतीस. आयुष्यात तू मला पहिल्यांदाच काही मागत होतीस. बाकीचं सगळं तुला न मागता मिळालं होतं. मी म्हणाले, सासूबाईंना विचारून सांगते. चार दिवसांनी फोन करून सांगितलं की त्या नको म्हणतात. तू फक्त "बरं" म्हणालीस. माझ्याशी भांडलीही नाहीस.

म्हणून गुरुवारी ती सुटकेस आली आणि तुझी चिठ्ठी वाचली तेव्हा मी काय केलं असेल, सांग. मी आत जाऊन शिरा केला. साजूक तुपातला. तुझी भाची हेमा म्हणाली, "कालच तर तिळाच्या पोळ्या झाल्या, आज शिरा कशाचा?" मी म्हणाले, सहज. दोन वाट्या खाल्ल्या. इतकी हलकी मी कितीतरी दिवसांत झाले नव्हते. आता आपण पुन्हा सारख्या झालो, असं वाटत होतं. हे तुझ्या सख्ख्या बहिणीने केलं, शत्रूने नाही, एवढं ध्यानात ठेव.

काल सकाळी तुझ्या बॅगेत जास्तीची पांघरुणं ठेवावी म्हणून ती उघडली. आतल्या चेनच्या कप्प्यात तुझी जर्मनच्या क्लासची वही राहिली होती. तू काढायला विसरलीस की मुद्दाम ठेवलीस, ते मला अजून कळलेलं नाही. एका पानावर तू तुझ्या घरच्यांविषयी लिहिलं आहेस, वर जर्मन आणि खाली पेन्सिलीने मराठी. मला खालची पेन्सिल फारशी लागली नाही. माझी आई आजारी आहे. माझी बहीण मानवतला राहते. माझी बहीण माझ्यापेक्षा मोठी आहे. माझी बहीण माझ्यापेक्षा हुशार आहे. ती माझ्यासाठी थांबली, म्हणून मला उशीर झाला नाही. शेवटच्या वाक्यापुढे तुझ्या बाईंनी लाल पेनाने बरोबरची खूण केली आहे.

मला भरून वगैरे आलं असेल असं तुला वाटेल. आधी राग आला. म्हणजे तुला सगळं माहीत होतं! ते तू एका परक्या बाईला परक्या भाषेत सांगितलंस, आणि मला मराठीत सांगायला काय झालं होतं? वही मी पलंगावर फेकली. मग पुन्हा घेतली, पुन्हा वाचली, आणि दुपारभर दुकानात वेढे मोजताना चुकत राहिले. दाजींनी दोनदा तार उलगडून पुन्हा गुंडाळली. तू गेली नाहीस तर मी दीड वर्ष वस्तीवर थांबले ते कशासाठी, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. हा मोठ्या मनाचा विचार नाही बरं का. माझं गेलं ते गेलंच, निदान ते वाया तरी जाऊ नये, एवढा साधा हिशोबी विचार आहे. पण विचार आला आणि मग शिरा काही पचेना.

तर आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते ऐक. सासूबाई कधीच नको म्हणाल्या नव्हत्या. येळवशीच्याच दिवशी संध्याकाळी मी त्यांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "घिऊन ये की इहीनबाईला. मला तरी कोन हाय बोलाया?" दुसऱ्या दिवशी तुझ्या दाजींनी न्हाणीघरात भिंतीला पाइप बसवला, आईला धरून उठता यावं म्हणून. मी तुला सांगितलं सासूबाई ऐकत नाहीत, आणि घरात सांगितलं की आई लेकीच्या घरी राहायला तयार नाही. दोन्हीकडे पटेल असंच खोटं होतं, कुणी फिरून विचारलंही नाही. आईला तर कुणीच विचारलं नाही. रोज सकाळी मी त्या पाइपवर टॉवेल वाळत घालत होते. काल दिवेलागणीला मी सगळं खरं सांगून टाकलं. दाजी उठून बाहेर गेले. सासूबाई म्हणाल्या, "पलंग फिरव. इहीनबाईला दार दिसाया पायजे." बाकी अजून माझ्याशी बोललेल्या नाहीत. उद्या रविवारी दाजी गाडी घेऊन येतील, हे पत्र त्यांच्याच हातून देते आहे. आधी आईला विचार, आणि ती हो म्हणाली तर तिची औषधं कधी कोणती द्यायची ते मोठ्या अक्षरात लिहून दे. सुटकेस परत पाठवली आहे, वही मात्र मी ठेवून घेतली आहे, तीत माझ्याबद्दल लिहिलंय. सोमवारी नाही म्हणून कळवू नकोस. माझा हेवा अजून तसाच आहे, तो तुझ्या विमानाबरोबर जाईल असंही मला वाटत नाही, आणि मी विमानतळावर येणार नाही, कारण मला बघवणार नाही. या वेळी तुला सोबत नाही, एकटीच जा. जाण्याआधी ताडकळसला सगळ्यांना भेटायला जाशील. ते बॅनर अजून असेल आणि कुणी विचारलंच, तर हात माझ्या आक्काचा आहे म्हणून सांग.

तुझीच, कागदावरची जुळी,
आक्का