सुशीलच्या हाती पाठवलेली पुडी

लकडगंज, नागपूर

सौ. शामलाले रुपरावचा राम राम.

मी मजेत आहो. फोनवर गुडघ्याचं काढलं की तू रडते वं, म्हणून लिहून राहिलो.

लाकूड कापाच्या आरामशीनवर आम्ही सारे हमाल सकाळी चहासंगं लाल गोळी घेतो. दिवसभर दुखणं गायब! सागाचा ओंडका आता मी जाड बाजूनं उचलतो.

डॉक्टरनं एक्सरे पाहून तोंड वाकडं केलं. म्हणे, "रुपरावजी, सांध्यातली गादी झिजली. गोळीनं दुखणं झाकलं जाते, झीज थांबत नाही. दुखत नाही म्हणून तुम्ही ओझं उचलता, अन् हाडावर हाड घासते." दुखतच नाही, तर घासते कसं? तूच सांग.

मिनल शाळेत जाते ना? आंगणातला नळ दुरुस्त झाला का?

काल ओंडका घेऊन उठलो तं गुडघ्यातून कडाक् आवाज आला. मुकादमाले वाटलं फळी मोडली, तो धावत आला. मले काहीच जाणवलं नाही.

निंदताना तुह्येही गुडघे धरतात ना? आपल्या गावचा सुशील घरी येऊन राहिला, त्याच्याजवळ साठ गोळ्यांची पुडी दिली आहे. भेटली की मिसकॉल दे. रोज चहासंगं एक घे. माह्यासारखंच होईल.

तुहा,
रुपराव