उपवासाच्या दिवशीची गोळी

माय, मला तुझा अजून राग येतो. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? आज मुर्री गावात बायांचं बीपी तपासायला गेले होते, तर एक बाई हसत म्हणाली, "आज एकादशी हाय, गोळी उद्या घेतो." मी तिच्यावर अशी खेकसले की सोबतची आशाताई माझ्याकडे पाहतच राहिली. ते सगळं तिला नव्हतं, तुला होतं.

तुझंही हेच होतं. रोज सकाळी एक गोळी, पण सोमवारी नाही, चतुर्थीला नाही, एकादशीला नाही. गोळी पोटात गेली की उपवास मोडतो, हा दवनीवाड्याच्या आपल्या घरातला तुझा कायदा. अन् सोमवारची राहिलेली मंगळवारी, दोन मिळून. केवढी हुशारी! मी तेव्हा नर्सिंगला होते, सुट्टीत आले की भांडायचे. सांगायचे की बीपी दुखत नाही म्हणजे ते गेलं असं नाही. नस आतून ताणत राहते, मग एक दिवस हृदयाची बंद पडते नाहीतर मेंदूची फुटते. तू तांदूळ पाखडता पाखडता ऐकायचीस आणि म्हणायचीस, "मले का होते? धानाच्या रोवणीत माह्यासमोर चार बाया थकतेत." वर शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात, चार बुकं शिकली तर आता मायला अक्कल शिकवते, असं. ते बोलणं मी विसरलेली नाही.

मग ते नवरात्र. माझ्या भरतीचा निकाल लागायचा होता, त्यासाठी तू नऊ दिवस नुसत्या लिंबूपाण्यावर राहायचं ठरवलंस. सातव्या दिवशी सकाळी तू चुलीपुढून उठतेस, हातातला चिमटा पडतो. उचलायला वाकतेस तर हात ऐकत नाही, तोंड एका बाजूला गेलेलं. बाबा म्हणतात अशक्तपणा आहे, साखरपाणी द्या. मी ओरडते, गाडी काढा. गोंदियाच्या दवाखान्यात तू तीन दिवस होतीस, एक शब्द बोलली नाहीस, आणि दसऱ्याला गेलीस. बाया म्हणाल्या, देवीच्या दिवसांत गेली, पुण्यवान होती. कसलं डोंबलाचं पुण्य! हट्टानं मेलीस तू. नातीचं तोंड पाहिलं नाहीस. बाबा अजून एकटे भात शिजवून खातात. तुला मी माफ केलेलं नाही.

निकाल आठवड्यानं आला, मी लागले. त्याच नोकरीत आता गावोगाव सांगत फिरते की बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही, उपवासाला तर नाहीच. नर्सबाई फार कडक आहे म्हणतात. म्हणू देत.

हा कागद मला बाबांच्या हाती लागू द्यायचा नाही. त्या नवरात्रात पाचव्या दिवशी मी फळीवरून मीठ काढायला गेले, तेव्हा तुझं गोळ्यांचं पाकीट हातात आलं. पहिल्या दिवसापासूनची एकही गोळी काढलेली नव्हती. काय होऊ शकतं ते घरात फक्त मला ठाऊक होतं. तू मागून विचारलंस, "काऊन, का पाहून राहिली?" निकाल तोंडावर आला होता माय, अन् उपवास माझ्यासाठी होता. मोडला तर, असं वाटलं. मी म्हटलं, काही नाही, आणि पाकीट होतं तिथं ठेवलं.