मसाल्याचा ठसका

३ फेब्रु.
मिरच्या भाजल्या आज. सगळा ढाबा खोकत होता. ट्रकवाले, वाढपी, रस्त्यापलीकडचा पंक्चरवालासुद्धा. ह्यांना त्याचाच अभिमान. "मांजरसुंब्याला गाडी थांबली अन् ठसका न्हाई लागला, मंग आपली शेवभाजी खाल्लीच न्हाई त्यानं." बाकीचे पाणी पिऊन गप्प झाले. हे सं. भांडी घासायच्या वेळेलाही खोकतच होते. विचारलं तर, "कावून मागं लागलीस? मसाल्याचा हाय." मसाला काय, बारा महिने आहेच. त्याच्यावर ढकललं की झालं.

७ फेब्रु.
मेडिकलमधून आणखी एक बाटली. लाल, गोड. झोप येते, खोकला तसाच. शर्ट अंगावर लोंबायला लागलाय. म्हटलं, दवाखान्यात चला. तर म्हणे लग्नसराईची गर्दी हाय, नंतर बघू. ह्यांचं नंतर मला चांगलं ठाऊक आहे.

११ फेब्रु.
सं. पुन्हा कणकण. गोळी घेतली आणि तंदूरपाशी उभे. घाम आगीचा का तापाचा, कळेना. मी बोलणार होते, पण गिऱ्हाईक समोर...

१५ फेब्रु. शिरूर कासार.
नणंदेच्या, वनिताच्या बाळाचं जावळ. ढाबा बंद करून कालच आलो. इथे ना तंदूर, ना मिरची. शेळ्या आणि मोकळं रान. तरी हे आल्यापासून खोकतायत. मसाला तर घरी राहिला.

न्हावी आला. जावळाला पोर मामाच्या मांडीवर लागतं. वनितानं बाळ पुढे केलं आणि हे मागे सरले. "पाठ धरलीय माझी. दुसऱ्या कुणाला बसवा." लोक हसले, मामा म्हातारा झाला म्हणाले. वनिताचा चेहरा उतरला. चुलतभावाच्या मांडीवर उरकलं. वनिताला बाळ झाल्याचं कळलं तेव्हा ढाब्यावर येईल त्याला जिलेबी वाटणारा माणूस हा. पाठबीठ काही नाही. जेवतानाही ताट घेऊन लांब लिंबाखाली एकटेच.

ह्यांना माहीत आहे. माझ्याही आधीपासून माहीत आहे.

१६ फेब्रु.
येताना गाडीत सरळ विचारलं. आमची परी मागे झोपली होती.
"खोकताना रगत पडलं का कधी?"
ह्यांनी गाडी हळू केली. मग, "पडलं. धाग्यावानी. दोनदा."
"कवा?"
"संक्रांतीच्या टायमाला."
"अन् मला सांगितलं न्हाई."
"भ्याव वाटलं गं. टीबी निघाला अन् फाट्यावर कळलं, तर आपल्या हातचं कोण खाईल?"
इतका राग आला की रडूच फुटलं. माणूस राहिला तर ढाबा. ढाब्याचं पडलंय ह्यांना, सात वर्षांची पोरगी मागे झोपलीय तिचं? उद्या दवाखाना, एवढंच म्हटलं. नाही म्हणाले नाहीत.

१७ फेब्रु.
बीडला सरकारी दवाखान्यात. डॉ. बाई घाईत होत्या, पण नीट ऐकून घेतलं. खोकला दोन आठवड्यांच्या वर? ताप येतो? वजन उतरलं? रक्त? सगळ्याला हो. म्हणाल्या, "ह्यातलं एक जरी असतं तरी यायला हवं होतं. रक्त दिसलं त्याच दिवशी." हे खाली मान घालून. टीबीच असेल असं नाही, पण तपासल्याशिवाय कळणार नाही. निघाला तर औषधाने बरा होतो, फक्त मध्येच सोडायचं नाही. एक्स-रे काढला. थुंकीची डबी दिली. सकाळी उठल्या उठल्या चूळ भरून, छातीतून खोकून काढायची, नुसती लाळ चालत नाही. तोवर तोंडाला रुमाल, झोपायचं वेगळं, खिडक्या उघड्या.

१८ फेब्रु.
डबी देऊन आलो. भट्टीवर मी. शेवभाजी खारट झाली. एका ड्रायव्हरनं विचारलं, शेठ कुठं हायत? गावाला गेलेत, म्हटलं. आता मीही लपवायला लागले. हे मागच्या अंगणात, बाजेवर. परी जवळ गेली की हुसकावतात. ती मला विचारते, "बाबा माझ्यावर रागावलेत का?"

२० फेब्रु.
दु. दवाखान्यातून फोन. रिपोर्ट काय, ते सांगेनात. "पेशंटला घेऊन या. घरातल्या सगळ्यांना आणा." सगळ्यांना कशाला? "या, डॉक्टर सांगतील."

हे शेजारीच उभे होते. वाटलं, आता पुन्हा नंतर म्हणतील. ऐन जेवणाची वेळ, बाहेर ट्रक लागलेले. ह्यांनी स्वतः भट्टीवर पाणी ओतलं. गिऱ्हाइकं ओरडली. तोंडावरचा रुमाल तसाच ठेवून म्हणाले, "दवाखान्यात चाललोय भाऊ. लई दिवसांचा खोकला हाय, मला." सगळ्यांसमोर. एक जण अर्धं ताट टाकून उठला, तेही ह्यांनी पाहिलं.

आम्हा दोघींना मागे बसवलं, गाडीच्या सगळ्या काचा खाली. वाटेत एकदाच बोलले. "पोरीला आधी तपासा म्हणायचं. माझं काय आसंल ते मागून ऐकू."

दवाखान्यात बाकावर बसून लिहितेय. परीचं नाव पुकारलं. आधी हेच उठले. मग तोंडावरचा रुमाल सावरून परत बसले. मी नेते तिला.